कुत्र्याला दवाखान्यात फरफटत नेऊ नका, आधी घरात सवय लावा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात कुत्र्यांबद्दल जे छापून येतं ते बहुतेक वेळा कुणाला तरी चावल्याचं नाहीतर रस्त्यावरच्या टोळ्यांचं असतं, आणि ते यायलाच पाहिजे, पण घरात पाळलेल्या कुत्र्यांची एक गोष्ट कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, कुठेही बघा, गल्लोगल्ली घरची कुत्री आहेत आणि त्यातली कितीतरी वर्षानुवर्षं डॉक्टरांचं तोंड बघत नाहीत. पैशाचं कारण असतंच असं नाही, रेबीजची लस शिबिरात फुकट पण मिळते. खरं कारण हे की कुत्र्याला नेणंच जमत नाही. गेटातच बसकण मारतं, रिक्षात चढत नाही, टू-व्हीलरवर दोघांच्या मधे पोतं घालून कसंबसं बसवलं तर दवाखाना दिसल्यावर उडी मारतं, आत चौघं मिळून दाबून धरतात, कुत्रं टेबलावरच मुततं, आणि घरी आल्यावर घरातली बाई म्हणते आता परत नको रे बाबा. मग पुढच्या वर्षीची लस राहून जाते.

हे काय नुसतं लाडाकोडाचं प्रकरण नाही हो. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांकडूनच येतो, आणि लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. तो थांबवायचा तर निदान ७० टक्के कुत्र्यांना लस झाली पाहिजे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण २८ सप्टेंबरला रेबीज दिन पाळतो, बॅनर लावतो, आणि ज्या भीतीमुळे कुत्री लसीपर्यंत पोचतच नाहीत तिच्याबद्दल कोण बोलतंय? माझं म्हणणं एवढंच आहे की ही भीती जोर लावून मोडत नाही, उलट दर वेळी वाढते, आणि ती कमी करायचं काम दवाखान्यात नाही तर घरात, रोज चार-पाच मिनिटं, आजारपण नसताना करायचं असतं.

आमच्या लालीचंच सांगते. गावठी, तांबूस रंगाची, आमच्याकडे आली तेव्हाच मोठी होती आणि दवाखान्याला घाबरलेली होती. पहिल्यांदा नेलं तिथे (नाव लिहीत नाही, लिहायचं कारणही नाही) तिचं तोंड बँडेजच्या पट्टीनं करकचून बांधलं आणि तिघांनी धरलं. ती काही ओरडली नाही, हलली पण नाही, सगळे म्हणाले बघा किती शांत आहे. पण मी खाली बघितलं तर स्टीलच्या टेबलावर तिच्या चारी पंजांचे ओले ठसे उमटलेले, कारण कुत्र्याला घाम येतो तो पंजांना. मूठभर केस गळून पडलेले, कान मागे चिकटलेले, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसत होतं आणि जीभ सारखी नाकावरनं फिरत होती. ते शांत नव्हतं, गोठलेलं होतं. ही लक्षणं प्रत्येकानं ओळखायला शिकलं पाहिजे, झोप आलेली नसताना जांभया देणं, ओठ चाटणं, तोंड फिरवणं, शेपूट पोटाखाली, उन्हाळा नसताना धापा टाकणं, आणि एरवी चिकनवर तुटून पडणारं कुत्रं समोरचा तुकडा हुंगत पण नाही. खात नाही म्हणजे भीती फार वर गेली, तिथे थांबायचं, मागे फिरायचं, जबरदस्तीनं काहीच शिकवून होत नाही.

आणि गुरगुरलं म्हणून कुत्र्याला मारू नका, हे मी हात जोडून सांगते. आपल्याकडे लोक लगेच चप्पल घेतात. गुरगुरणं म्हणजे ते सांगतंय की मला सहन होईना, जरा लांब व्हा. ते मारून बंद केलं तर भीती जात नाही, फक्त सांगणं बंद होतं, आणि मग एक दिवस न गुरगुरता सरळ चावतं आणि सगळे म्हणतात काही कारण नसताना चावलं. दुसरा गैरसमज म्हणजे घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं, गोंजारलं तर ते जास्त भित्रं होतं. तसं होत नाही. घाबरलेल्याला आधार दिला म्हणून भीती वाढत नसते, त्याला जवळ यायचं असेल तर येऊ द्या, हळू बोला, फक्त गच्च आवळू नका.

दवाखान्याची सवय लावायला आम्ही काय केलं तर नुसतं तिकडे फिरायला जायला लागलो. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चक्कर मारायची आणि येताना दवाखान्याच्या रस्त्यानं यायचं, लांबनंच, जिथे लाली अजून खाऊ घेत होती तिथपर्यंतच. तिथे उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे द्यायचे, मीठ-मसाला न घातलेले, आणि परत फिरायचं. मग गेटापर्यंत, मग पायरीपर्यंत. हे डॉक्टर वेगळे आहेत, त्यांना विचारलं तर म्हणाले गर्दी नसताना या की ओ, वजनकाट्यावर उभी करा आणि जावा. काट्यावर उभं राहणं, खाऊ खाणं आणि सुई न टोचता घरी येणं, असं बऱ्याचदा झालं आणि मग कधीतरी एकदा सुई झाली तर कुत्र्याच्या डोक्यात दवाखाना म्हणजे फक्त सुई असं राहत नाही. कंपाऊंडर कानडी बोलणारे आहेत, ते लालीला "बा, बा" करून बोलवतात आणि ती जाते पण! शब्द मराठी असो, कानडी असो, इंग्लिश असो, कुत्र्याला काही फरक नाही, पण घरात सगळ्यांनी एका गोष्टीला एकच शब्द वापरायचा, आजीचा एक आणि नातवाचा दुसरा असं नको.

प्रत्यक्ष तपासायच्या दिवशी घरची सतरंजी नाहीतर रबरी मॅट न्यायची, स्टीलच्या टेबलावर पाय घसरतात आणि पाय घसरला की कुत्रं अर्धं तिथेच घाबरतं. शक्य असेल तर खाली जमिनीवरच तपासा म्हणून डॉक्टरांना विनंती करायची, बरेच डॉक्टर ऐकतात. बाकड्यावर म्हशीच्या, शेळीच्या, मांजराच्या गर्दीत बसायच्या ऐवजी नंबर लावून बाहेर झाडाखाली थांबायचं. सुई टोचताना मालकानं तोंडाशी बसून ताटलीत दही चाटायला द्यायचं, चाटता चाटता लालीला कितीतरी वेळा टोचलेलं कळतच नाही. (पीनट बटर देत असाल तर शुगर-फ्री डब्यावर झायलिटॉल आहे का ते वाचा, ते कुत्र्याला विष आहे.) चावायची भीती असेल तर जाळीची, बास्केटसारखी मुसकी घ्या, तिच्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पट्टीनं बांधलेल्या तोंडाला ते जमत नाही आणि एप्रिल-मेच्या उन्हात त्यानं जीवावर बेतू शकतं, त्यात पगसारखं चपट्या नाकाचं असेल तर जास्तच. मुसकीच्या आत दही लावून कुत्र्याला आपणहून तोंड घालू द्यायचं, पट्टा बांधायची घाई करायची नाही.

आता नखांबद्दल, कारण सगळ्यात जास्त झटापट तिथे होते. फरशीवर चालताना टकटक आवाज यायला लागला की नखं वाढली समजायचं. वाढलेलं नख जमिनीला टेकतं, बोटं वर ढकलली जातात, कुत्रं वजन मागे टाकून वाकडं चालतं आणि म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे त्यानं जास्त दुखतात. आतल्या बाजूला वर असतं ते अंगठ्याचं नख तर जमिनीला लागतच नाही, म्हणून झिजत नाही, ते वळत वळत मांसात घुसतं, लोकांच्या लक्षातच येत नाही. आमच्या खानापूरकडच्या भावोजींकडे मुधोळ जातीचं शिकारी कुत्रं आहे, मल्हार. मुधोळचे घोरपडे संस्थानिक, त्यांनी ही जात जपली, २००५ साली पोस्टानं तिचं तिकीट काढलं, आपल्या सगळ्यांना तिचा केवढा अभिमान. पण हे कुत्रं अनोळखी हाताला सहजासहजी राजी होत नाही आणि कातडी एकदम पातळ. त्या मल्हारला कट्ट्यावर आडवं पाडून एक जण मानेवर, दोघं पायांवर अशी नखं कापायचे. शेवटी नुसतं नेलकटर हातात दिसलं की तो शेतात पळून जायचा, रात्रीपर्यंत यायचा नाही.

ते बदलायला वेळ लागला पण बदललं. आधी नेलकटर नाहीच. जेवण, फिरणं झाल्यावर तो पडलेला असताना खांद्यावर हात, खाऊ. खांद्यावरनं हात खाली गुडघ्यापर्यंत, खाऊ. पंजा नुसता उचलून सोडला, खाऊ. त्यानं पाय मागे ओढला तर धरून ठेवायचं नाही, सोडायचं, हे फार महत्त्वाचं, कारण आपण म्हणलं तर थांबतेत हे त्याला कळलं की तो थांबून बघतो. मग नेलकटर जमिनीवर ठेवलं, त्यानं हुंगलं, खाऊ. आवाजाची भीती जायला माझ्या बहिणीनं खराट्याच्या काड्या घेतल्या आणि त्याच्यापासनं जरा लांब बसून नेलकटरनं कट कट तोडायची, प्रत्येक कटला एक तुकडा चिकन, मग हळूहळू जवळ. काही दिवसांनी कट असा आवाज आला की तो पळायच्या ऐवजी तिच्या हाताकडे बघायला लागला. त्यानंतर नेलकटर नखाला नुसतं टेकवणं आणि मग कधीतरी एक नख. एकच. बाकीची उद्या, परवा. सगळी एका बसणीत झाली पाहिजेत असा नियम कुणी केलाय?

कापताना पाय बाजूला ओढायचा नाही, घोड्याला नाल मारताना दुमडतात तसा मागे दुमडायचा, सांध्याला त्रास होत नाही. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे कापायचं. काळ्या नखात दिसत नाही, म्हणून चकती काढल्यासारखं अगदी पातळ पातळ कापत जायचं, कापलेल्या जागी मधोमध करडा-काळा ओलसर ठिपका दिसायला लागला की बस. शीर कापली गेलीच तर रक्त बघून आरडाओरडा करू नका, चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबून काही मिनिटं धरा, थांबतं, थांबलं नाही तर डॉक्टर. नखं फार वाढली असतील तर शीर पण पुढे आलेली असते, दर थोड्या दिवसांनी थोडं थोडं कापलं की ती मागे सरकते. माणसांचं नेलकटर वापरू नका, त्यानं नख चेपतं आणि दुखतं, कुत्र्यांचं वेगळं मिळतं, आणि त्याची धार गेली की बदला. ज्यांना नेलकटर जमतच नाही त्यांनी एका फळीवर सुताराचा पॉलिश पेपर चिकटवावा आणि कुत्र्याला तिच्यावर पायानं खरवडायला शिकवावं, पुढची नखं आपोआप झिजतात. अंगठ्याचं मात्र त्यानं होत नाही.

काही कुत्र्यांना एवढं करूनही जमत नाही, त्यात कुणाचा दोष नाही. त्यांच्यासाठी दवाखान्यात न्यायच्या आधी घरीच द्यायच्या गोळ्या डॉक्टर लिहून देऊ शकतात, गाबापेंटिन, ट्राझोडोन अशा, कितीची आणि किती तास आधी ते वजन, वय, बाकीचे आजार बघून डॉक्टरच ठरवणार. पण मेडिकलमधनं आपल्या मनानं काही आणू नका आणि घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम तर कधीच देऊ नका, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याच्या लिव्हरला, किडनीला घातक आहेत. मुधोळसारख्या सडपातळ कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी असते, भुलीच्या काही औषधांचा अंमल त्यांच्यावर जास्त वेळ राहतो, तेवढं डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं. आणि कुत्रं अचानक पंजाला हातच लावू देईना झालं तर ती भीती नसून दुखणं पण असू शकतं, बोटांच्या मधे गोचीड, काटा, फुटलेलं नख, पावसाळ्यात तर हे फारच, आधी ते बघायचं.

डॉक्टरांवर किती भार असतो ते मला माहीत आहे, एकाच माणसानं गाभण म्हशीपासनं पिल्लाच्या जुलाबापर्यंत सगळं बघायचं. तरी पशुवैद्यकीय खात्याला, महापालिकेला आणि शिबिरं घेणाऱ्या मंडळांना माझ्या काही विनंत्या आहेत. टेबलावर एक रबरी मॅट टाका. आठवड्यातनं एखादी वेळ फक्त कुत्र्या-मांजरांसाठी ठेवा, तेव्हा गुरं नकोत. लसीच्या शिबिरात सगळ्या कुत्र्यांना एका मंडपात खेटून उभं करू नका, लांब लांब उभं राहायला जागा ठेवा, स्पीकर बंद ठेवा, आणि ज्याचं कुत्रं जास्त घाबरलंय त्याला आधी मोकळं करा. शिबिराचं पत्रक निघतं त्याच्यावर मराठी आणि कानडीत चार ओळी छापा, कुत्र्याला कसं आणायचं, सोबत काय आणायचं. आणि आपल्या भागातल्या एखाद्या पशुवैद्यकांकडनं मुसकीची सवय आणि नखं कशी कापायची यावर फोटोसकट लेख लिहून घेऊन तुमच्या पेपरात छापावा, शिबिरांच्या आधी छापला तर खेड्यातनं येणाऱ्या लोकांना तयारीला वेळ मिळेल.

आपली,
एक वाचक
अनगोळ, बेळगाव