अर्थिंगची पिन काढू नका

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन घरी संगीत कसे करावे, ते रेकॉर्ड कसे करावे, यावर पानभर मजकूर आला. कॉम्प्युटरच्या पडद्याबाहेर, खऱ्या खुंट्या पिरगाळत केलेल्या संगीतावर कुणी इतके लिहिले, याचे बरे वाटले. पण त्याच पानावरच्या झटपट उपायांच्या चौकटीमुळे हे पत्र लिहिणे भाग पडले. रेकॉर्डिंगमध्ये सतत ‘घूं’ ऐकू येत असेल, तर वाद्याच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, असे त्या चौकटीत म्हटले आहे. कृपा करून कुणीही हे करू नये.

मी भौतिकशास्त्र शिकवते आणि घरातले सगळे झोपले की हेडफोन चढवून एका जुन्या सिंथेसायझरपुढे बसते. त्यामुळे या ‘घूं’शी माझी दोन्हीकडून ओळख आहे.

हा उपाय लागू पडतो, हीच त्यातली वाईट गोष्ट. पिन काढली की आवाज बऱ्याचदा खरोखर थांबतो, माणूस खूश होतो आणि वर्षानुवर्षे वाद्य तसेच वापरतो. मग कधीतरी आतल्या एखाद्या वायरचे इन्सुलेशन फाटते आणि फेज वाद्याच्या पत्र्याला टेकतो. अर्थिंग असते तर मोठा प्रवाह तिकडून गेला असता आणि फ्यूज उडाला असता किंवा एमसीबी पडला असता. ते नसले की काही उडत नाही, काही पडत नाही, आणि पत्र्यात करंट उतरलेला राहतो. एक हात त्या पत्र्यावर आणि दुसरा अर्थिंग असलेल्या मिक्सरवर, असे तर आम्ही रोजच बसतो! ऑडिओ केबलची जाळी, म्हणजे आतल्या तारेभोवती विणलेले धातूचे वेष्टण, तो प्रवाह वाहून नेईल, असा युक्तिवाद काही जण करतात. ती त्यासाठी बनवलेलीच नसते.

शिवाय हल्लीची बरीच छोटी वाद्ये ९ किंवा १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालतात आणि त्या ॲडॅप्टरला अर्थिंग बहुधा नसतेच. मेनची वीज थेट पोटात घेणारी वाद्ये बरीचशी जुनी. म्हणजे ज्यांच्या वाद्यातल्या वायरी चाळीस वर्षांच्या झाल्या आहेत, नेमके तेच लोक हा सल्ला अमलात आणणार.

आता ‘घूं’ येते कुठून? दोन वाद्ये भिंतीवरच्या दोन वेगळ्या सॉकेटांना लावली, तरी त्यांचे अर्थिंग भिंतीच्या आतून एकमेकांना जोडलेले असते. त्यात आपण ऑडिओ केबल लावतो. तिच्या जाळीमुळे दुसरा रस्ता मिळतो आणि एक बंद वेटोळे तयार होते. आसपासच्या ट्रान्सफॉर्मरांचे आणि वायरींचे चुंबकीय क्षेत्र सतत बदलत असते, त्यामुळे वेटोळ्यात प्रवाह सुरू होतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले ते हेच. ज्या जाळीला शून्य धरून ऑडिओ इंटरफेस, म्हणजे वाद्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी पेटी, आपला आवाज मोजते, त्याच जाळीतून हा प्रवाह वाहतो. म्हणून मेनची ५० किंवा ६० हर्ट्झची वारंवारता आणि तिच्या पटी रेकॉर्डिंगमध्ये उमटतात. लेखात महागडी केबल घ्यायलाही सुचवले आहे. केबल महाग घेतल्याने वेटोळे तुटत नाही.

सगळी वाद्ये, मिक्सर, इंटरफेस आणि लॅपटॉपचा चार्जर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. सिंथेसायझर फारशी वीज खात नाहीत. वेटोळे लहान झाले की पुष्कळदा तक्रार तिथेच मिटते. नाही मिटली, तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून ऐका. आवाज गेला, तर चोर लॅपटॉपच्या बाजूला आहे. माउस हलवला की बदलणारी बारीक चिरचिर बहुतेक यूएसबीच्या वायरीतून येते.

इथे मला मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवण्याची पद्धत, घडवणाऱ्यांचे कौतुक वाटते. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या ‘नॅम’ या वाद्यांच्या प्रदर्शनात सीक्वेन्शियलचे प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे ज्युपिटर-६ ही दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडून दाखवली गेली. मिडीच्या पाच पिनांच्या केबलच्या घेणाऱ्या टोकाला ऑप्टोकपलर असतो. आत एक एलईडी लुकलुकतो आणि समोरचा प्रकाशसंवेदक ती उघडझाप टिपतो. केबलची जाळी फक्त पाठवणाऱ्या बाजूला जोडायची, हेही मानकातच आहे. संदेश पलीकडे पोचतो, पण दोन वाद्यांमध्ये विजेची जोडणी होत नाही. साध्या यूएसबीला ही सोय नाही. माझ्या ड्रम मशीनला यूएसबी आहे, तरी मी ते मिडी केबलनेच चालवते.

एवढे करूनही ‘घूं’ राहिली, तर वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स, म्हणजे आवाजाचा सिग्नल ट्रान्सफॉर्मरमधून पुढे पाठवणारी छोटी पेटी, घालावा. त्यावर ‘ग्राउंड लिफ्ट’ असा खटका असतो. तो ऑडिओ केबलची जाळी सोडवतो, मेनच्या अर्थिंगला हात लावत नाही. चौकट लिहिणाऱ्यांचा गोंधळ बहुधा इथेच झाला असावा. बॅलन्स्ड केबलचा (एकच सिग्नल दोन तारांवरून सुलटा-उलटा नेऊन वाटेतला गोंगाट वजा करणाऱ्या केबलचा) फायदा हवा असेल, तर आधी वाद्याचे आउटपुट बॅलन्स्ड आहे का, ते पाहावे. पुष्कळ वाद्यांचे नसते.

रेकॉर्डिंगची लेव्हल लाल रेषेला टेकवण्याचा लेखातला सल्लाही टेपच्या जमान्यातला आहे, पण त्याने फार तर एक टेक वाया जाईल. २४ बिटच्या डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये सैद्धांतिक आवाका १४४ डेसिबलचा आहे, त्यामुळे सर्वांत मोठा आवाज कमाल मर्यादेच्या १२ डेसिबल खाली, म्हणजे उणे १२ च्या आसपास राहिला तरी काही बिघडत नाही. ती जागा लागतेच: फिल्टरचा रेझोनन्स (ठरावीक स्वर ठळक करणारी खुंटी) चढवला की सिंथेसायझरचा आवाज कसा अचानक उसळतो, हे ज्याने वाजवले आहे त्याला सांगायला नको.

या उपायाची दुरुस्ती आपण पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत छापावी, ही विनंती. आणि ज्यांनी लेख वाचून पिन काढली असेल, त्यांनी वाद्य पुन्हा सुरू करण्याआधी प्लग बदलून घ्यावा. सॉकेटमध्ये अर्थिंग खरोखर आहे ना, हेही इलेक्ट्रिशियनकडून त्याच वेळी तपासून घ्यावे.

आपली,
एक नियमित वाचक