स्केटबोर्ड किटमधील न जुळणाऱ्या भागांबाबत तक्रार

ठाणे (पश्चिम)
दि. १० फेब्रुवारी २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : इलेक्ट्रिक स्केटबोर्ड किटमधील बॅटरी, कंट्रोलर व बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं संरक्षक सर्किट) एकमेकांशी न जुळणारे असल्याबाबत, त्यामुळे झालेल्या अपघाताबाबत आणि वॉरंटी नाकारल्याबाबत.

संदर्भ : सोबतची पावती, ग्राहक सेवेशी झालेलं चॅट व वॉरंटी नाकारल्याचा आपला ईमेल.

महोदय/महोदया,

आपल्या वेबसाइटवरून मी घरी स्केटबोर्ड बनवण्याचं किट मागवलं. त्यात ६३७४ आकाराची १९० केव्हीची मोटर, तिचा कंट्रोलर म्हणजे ईएससी, १२एस (म्हणजे बारा सेल एकापुढे एक जोडलेला) बॅटरी पॅक, पॅकमध्येच बसवलेला बीएमएस, चार्जर, रिमोट, पुली आणि पट्टा असा माल आला. फळी आणि चाकांचे ट्रक (चाकं बसतात ते आस) आमचे होते. बोर्ड माझी भाची बनवत होती. ती डिप्लोमाला आहे आणि तिचा हा प्रोजेक्ट आहे.

माझं वागळे इस्टेटमध्ये मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. हेच भाग लॅमिंग्टन रोडला फिरून सुटे गोळा केले असते तर बरेच स्वस्तात पडले असते. तरीही किट घेतलं, कारण आपल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय की सगळे भाग एकमेकांशी जुळवून तपासलेले आहेत, फक्त जोडा आणि चालवा. वरचे पैसे मी या जुळवणीचेच मोजले. आणि नेमकी तीच आपण केलेली नाही, ही माझी तक्रार आहे.

आधी बॅटरी आणि कंट्रोलरचं बघा. लिथियम-आयन सेलचा सरासरी व्होल्टेज ३.७ धरला तर बारा सेलचे ४४.४ व्होल्ट होतात. आपल्या पानावर हाच आकडा आहे. पण पूर्ण चार्ज झालेला प्रत्येक सेल ४.२ वर असतो, म्हणजे पॅक ५०.४ व्होल्टवर जातो. आपलाच चार्जर ५०.४ चा आहे आणि चार्ज संपल्यावर माझ्या मीटरवर ५०.३ दिसले. कंट्रोलरच्या स्टिकरवर मात्र "कमाल ५० व्होल्ट" असं छापलंय. वरचं ॲल्युमिनियमचं झाकण काढलं तर आतल्या तिन्ही कपॅसिटरच्या अंगावरही ५० व्होल्टच लिहिलंय. थोडक्यात, बॅटरी भरून प्लग लावला त्या क्षणीच कंट्रोलर आपल्या मर्यादेच्या बाहेर असतो. मोटर अजून फिरलेलीही नसते.

हे मी ग्राहक सेवेला अपघाताच्या आधीच विचारलं होतं. चॅट सोबत जोडलंय. उत्तर आलं, "सर, बॅटरी ४४ व्होल्टची आहे, कंट्रोलर ५० चा आहे, सहा व्होल्टची मार्जिन आहे." मी पुन्हा विचारलं की पूर्ण चार्जला काय? त्यावर, "सर, एक्सटी ६० प्लग बसतोय ना? मग कम्पॅटिबल आहे." प्लग बसणं ही जर जुळवणीची कसोटी असेल तर आमच्याकडे येणारी निम्मी जळालेली मोटरं जळायलाच नको होती.

नंतर दुसऱ्या प्रतिनिधीने सांगितलं की कंट्रोलर व्हेस्कवर आधारित आहे आणि व्हेस्क १२एस घेतो. बेंजामिन वेडर या स्वीडिश अभियंत्याने सर्वांसाठी खुला केलेला जो व्हेस्क कंट्रोलरचा मूळ आराखडा आहे त्याची मर्यादा ८ ते ६० व्होल्ट आहे, आणि तो १२एसपर्यंत चालतो, हे अगदी खरं आहे. पण आपण विकलेला त्याच्यावरून बनवलेला कंट्रोलर ५० चा आहे, आणि ते आपल्याच स्टिकरवर आहे. कपॅसिटर ६३ व्होल्टचे टाकले असते तर एका कंट्रोलरमागे किती रुपये वाढले असते, हे खरेदी विभागाला जरूर विचारा. नाव त्या आराखड्याचं सांगायचं आणि माल हलका भरायचा, याला आमच्या बाजारात काय म्हणतात ते लिहीत नाही.

आता मोटर. १९० केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला १९० फेरे. ५०.४ व्होल्टला बिनलोडाचे ९,५७६ फेरे होतात. मोटरला १४ पोल आहेत, म्हणजे सात जोड्या. कंट्रोलरला दिसणारा वेग, म्हणजे ईआरपीएम, हा सातपट असतो, ६७,०३२. बॉक्समधल्या पुस्तिकेत कंट्रोलरची मर्यादा ६०,००० ईआरपीएम दिली आहे. सॉफ्टवेअरमधून वेगाला लगाम घालता येतो, मला ठाऊक आहे. पण "फक्त जोडा आणि चालवा" म्हणून विकलेल्या मालात तो लगाम घालून द्यायचं काम कोणाचं? आम्ही उघडून पाहिला तेव्हा तो घातलेला नव्हता.

हाच हिशेब दहा सेल धरून करा. पूर्ण चार्जला ४२ व्होल्ट, कंट्रोलरच्या पन्नासच्या आत, तेही आठ व्होल्ट हातात ठेवून. १९० गुणिले ४२ गुणिले ७ म्हणजे ५५,८६०, साठ हजारांच्या आत. सगळं व्यवस्थित बसतं. मग मी पुस्तिका पुन्हा नीट चाळली. बॅटरीच्या पानावर "पूर्ण चार्ज : ४२ व्होल्ट" असं छापलेलं आहे! ते पान सोबत जोडलंय.

म्हणजे हे किट मुळात १०एसचं होतं. कोणीतरी शहाणपणाने जुळवलंही होतं. पुढे जाहिरातीत वेगाचा आकडा वाढवायला आपण फक्त बॅटरी बदलून १२एस केली, चार्जर तिच्या जोडीचा दिला आणि बाकी सगळं, पुस्तिकेसकट, जुनंच ठेवलं. माझा हा अंदाज चुकीचा असेल तर १२एसवर या कंट्रोलरची चाचणी घेतल्याचा अहवाल मला पाठवा. तो मी दोनदा मागितला, दोन्ही वेळा उत्तरात सर्व्हिस सेंटरचा पत्ता आला.

वाढवलेल्या वेगाचा उपयोग तरी काय, हाही प्रश्नच आहे. १५ आणि ३६ दातांच्या पुली आणि ९० मिलिमीटरची चाकं धरली तर कागदावर हा बोर्ड ताशी जवळपास ६८ किलोमीटरला जातो. घोडबंदर रोडला या वेगाने चारचाकी नेतानाही माणूस देवाचं नाव घेतो. नोंदणी न लागणाऱ्या विजेच्या वाहनाला आपल्याकडे २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे, त्यामुळे हा बोर्ड रस्त्यावर न्यायचा आमचा विचार कधीच नव्हता. सोसायटीच्या आवारात आणि कॉलेजच्या मैदानावर चालला असता तरी पुष्कळ होतं.

बीएमएसबद्दल सविस्तर लिहावं लागेल, कारण जिवाशी खेळ इथे झालाय. पॅकवरच्या लेबलवर बीएमएस ३० अँपिअरचा आहे. जाहिरातीत मोटर ३,००० वॅटची आहे. तीन हजारांना ४४.४ ने भागा, जवळपास ६८ अँपिअर येतात. एक्सटी ६० प्लग ६० चा. कंट्रोलरमध्ये बॅटरी करंटची मर्यादा ६० लावून आलेली. बीएमएस या सगळ्यांच्या निम्म्याने. त्यामुळे पहिल्या दिवसापासून पार्किंगच्या रॅम्पवर चढताना बोर्ड मधेच बंद पडायचा आणि वर उभं असलेलं माणूस पुढे फेकलं जायचं. मी टाँग टेस्टर लावून पाहिलं, करंट तिशीपार गेला की पॅक हात वर करायचा. आम्ही मर्यादा २५ वर आणली तेव्हा ते थांबलं. आपल्या प्रतिनिधीचा सल्ला होता, "प्लग काढून परत लावा."

उतारावर मात्र करंटची मर्यादा कमी करून भागत नाही. या बोर्डला वेगळा ब्रेक नाही. ब्रेक दाबला की मोटर जनरेटर होते आणि वीज उलटी बॅटरीत जाते. बॅटरीत जागा असेल तर ठीक. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर बारापैकी एखादा गट बीएमएसने ठरवलेल्या हद्दीच्या, साधारण ४.२५ व्होल्टच्या, वर जातो आणि बीएमएस चार्जिंगची वाट बंद करतो. त्याचं कामच ते आहे. पण मग मोटरमधून येणारी वीज जाणार कुठे? कंट्रोलरमध्येच चढत राहते. तिथे आपले ५० व्होल्टचे कपॅसिटर, जे आधीच ५० वर बसलेले.

तेच झालं. बॅटरी चार्जरवरून काढून भाची सोसायटीच्या पोडियमच्या उतारावरून खाली येत होती. हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड होते, वेग धावत्या माणसाहून जास्त नव्हता, मी बाजूनेच चालत होतो. तिने ब्रेक दाबला. बोर्ड क्षणभर धरला, मग फट् असा आवाज झाला आणि ती ओरडली, "मामा, ब्रेक गेला!" तिने उडी मारली म्हणून निभावलं, कोपर सोलवटलं. बोर्ड आधी मोकळा सुटला, मग मोटरच्या बाजूचं चाक अडखळायला लागलं, तसा तो एका अंगाला वळून भिंतीवर आपटला. समोर वॉचमन खुर्ची टाकून बसले होते. बोर्ड सरळ गेला असता तर हे पत्र मी आपल्याला नाही, पोलिसांना लिहीत असतो.

दुकानात आणून उघडलं. एका कपॅसिटरचं डोकं फुगून चिरलेलं, आत पिवळट ओल. बॅटरीचा प्लग काढून चाक हाताने फिरवलं तर खडखड अडकत फिरतं. मोटरच्या तारा कंट्रोलरपासून सोडवल्या की लोण्यासारखं फिरतं, म्हणजे मोटर शाबूत आहे. कंट्रोलरच्या तीनपैकी दोन फेजपासून निगेटिव्हपर्यंत मीटर सरळ बीप करतो. मॉस्फेट, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणारे आतले स्विच, शॉर्ट झाले आहेत. मीटरसह व्हिडिओ काढून ठेवलाय, लिंक ईमेलमध्ये दिली आहे.

आणि आता वॉरंटी. आपण ती "ग्राहकाने वायरिंगमध्ये छेडछाड केली" म्हणून नाकारली. ही छेडछाड म्हणजे हॉल सेन्सरची (मोटर कुठल्या स्थितीत आहे हे कंट्रोलरला सांगणाऱ्या सेन्सरची) केबल. मोटरमधून आलेल्या सहा तारांच्या कनेक्टरच्या पिनांमध्ये २ मिलिमीटर अंतर आहे, कंट्रोलरच्या सॉकेटमध्ये दीड. बसणारच नाही. सेन्सर नाही जोडले तर उभ्याने सुरू करताना बोर्ड गचके खातो, तोल जातो, म्हणून ते जोडायलाच हवेत. मी हे कळवलं तेव्हा "तारा कापून रंगाला रंग जोडून घ्या, सर" असं उत्तर आपल्याच माणसाने लिहून दिलंय. (रंगही दोन्हीकडे वेगळे होते, पण ते असो. पाच व्होल्ट आणि ग्राउंड मीटरने शोधून, डाग देऊन, स्लीव्ह चढवून आम्ही काम केलं.) आपणच कापायला सांगायचं आणि कापलं म्हणून वॉरंटी नाकारायची, या चोराच्या उलट्या बोंबा झाल्या. शिवाय सेन्सरच्या त्या बारीक तारांचा आणि बॅटरीच्या बाजूच्या कपॅसिटरचा काय संबंध, हे आपल्या तांत्रिक विभागाने मला लेखी समजावून द्यावं.

माझं म्हणणं असं. किटचे पूर्ण पैसे परत द्या, किंवा हाच माल १०एसच्या पॅकसह, ४२ व्होल्टच्या चार्जरसह आणि मोटरचा लोड झेपेल अशा बीएमएससह बदलून द्या. फक्त कंट्रोलर बदलून तोच ५० व्होल्टचा नग पाठवणार असाल तर मला नको, पुढच्या उतारावर तोही जाईल. भाचीच्या सबमिशनची तारीख जवळ आहे, पण त्यासाठी मी तडजोड करणार नाही. दुसरी मागणी माझ्यापुरती नाही. हेच १२एसचं किट ज्यांनी ज्यांनी घेतलंय त्यांना आजच कळवा की बॅटरी पूर्ण भरून उतारावर जाऊ नका. कोणी पारसिक हिलवरून निघाला असेल, कोणी येऊरच्या रस्त्यावरून. आणि वेबसाइटवरून "जुळवून तपासलेले" हे वाक्य काढा, किंवा त्याखाली पूर्ण चार्जचा व्होल्टेज, कंट्रोलरची कमाल मर्यादा आणि बीएमएसचे अँपिअर हे तीन आकडे शेजारी शेजारी छापा. घेणाऱ्याला बाकी कळतं.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणं आपल्यावर बंधनकारक आहे. माझ्या पहिल्या ईमेलची पोचसुद्धा मिळालेली नाही. या पत्राचंही तेच झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथे दावा लावता येतो, त्यामुळे तारखांना आपल्यालाच ठाण्याला यावं लागेल.

एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या ईमेलमध्ये संपूर्ण किट "स्वखर्चाने कुरिअर करा" असं लिहिलंय. दोन कुरिअरवाल्यांनी लिथियम पॅक म्हटल्यावर कानावर हात ठेवले आणि त्यांचं बरोबरच आहे, आपटलेला पॅक मीही कोणाच्या गाडीत टाकणार नाही. तो सध्या दुकानात पत्र्याच्या पेटीत, वाळूत ठेवलाय. आपला माणूस पाठवून घेऊन जा. शुक्रवारी दुकान बंद असतं, इतर दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी सात. येताना मीटर घेऊन यायला सांगा, नसेल तर माझा आहे.

कळावे,

आपला ग्राहक
(नाव, पत्ता व मोबाइल क्रमांक ऑर्डरमध्ये नोंदलेले आहेत)

सोबत : पावतीची प्रत, चॅटचे स्क्रीनशॉट, पुस्तिकेचं बॅटरीचं पान, कंट्रोलरच्या स्टिकरचे व फुटलेल्या कपॅसिटरचे फोटो, वॉरंटी नाकारल्याचा ईमेल.