पाण्याच्या ताळेबंदावर ऑक्टोबरातच पीक ठरू द्या

माननीय संपादक,
स. न.

पाण्याचा ताळेबंद, म्हणजे गावात आलेल्या आणि गावाला लागणाऱ्या पाण्याचा हिशेब, मांडणारी गावे आता बरीच झाली आहेत. जलयुक्त शिवार आणि अटल भूजल योजनेने त्याला छापील तक्ताही दिला. पण बहुतेक ठिकाणी तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवला की काम संपते. त्यावरून कोणाचे पीक बदलत नाही आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये टँकरचा प्रस्ताव तालुक्याला जायचा तो जातोच. ताळेबंद हा ग्रामसभेचा पीक ठरवण्याचा निर्णय झाला पाहिजे. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या हाती काय द्यावे लागेल, ते सांगण्यासाठी हे पत्र.

हिशेब कोणालाही जमेल असा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी. उदाहरणादाखल १,००० हेक्टरचे गाव आणि ४५० मिमी पाऊस घ्या. पडले ४५ लाख घनमीटर, म्हणजे ४,५०० टीसीएम (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर). हा आकडा ऐकून ग्रामसभा खूश होते आणि फसगत तिथूनच सुरू होते. यातले बहुतेक पाणी खरिपाच्या पिकांत, मातीच्या ओलीत, बाष्पीभवनात आणि ओढ्यावाटे गेलेले असते. आपल्या बेसॉल्ट खडकात मुरणारा वाटा खडकाच्या प्रकारानुसार ७ ते १३ टक्के धरतात. १० टक्क्यांनी ४५० टीसीएम भूजल झाले. बंधाऱ्यांत आणि तलावांत उपसण्याजोगे १५० असेल, तर हाती ६०० टीसीएम.

पहिली वजावट पिण्याची. २,००० लोकवस्तीला दरडोई ५५ लिटरने वर्षाला ४० टीसीएम, ८०० मोठ्या जनावरांना रोजच्या ५० लिटरने १५, शेळ्या-मेंढ्या धरून एकूण ६०. पुढचा पाऊस लांबला तर हाताशी असावे म्हणून १०० राखून ठेवा. शेतीला उरले ४४०. मोकाट पाण्यावरचा ऊस हेक्टरी २०,००० घनमीटर घेतो, म्हणजे २२ हेक्टर उसात हे सगळे पाणी संपले. रब्बी ज्वारीला सहा सेंटिमीटरच्या तीन पाळ्या आणि वाटेतली गळती धरून हेक्टरी २,००० घनमीटर पुरते. त्याच पाण्यात २२० हेक्टर ज्वारी निघते. ठिबकने उसाचे पाणी निम्म्यावर आले तरी फरक पाचपट राहतोच. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिल्याशिवाय ताळेबंद वाचूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आकडे चुकतात ते मोजणीत. तालुक्याची किंवा महसूल मंडळाची पावसाची नोंद गावाला लावणे ही सर्वांत मोठी चूक. पर्जन्यछायेच्या पट्ट्यात दहा किलोमीटरवर पाऊस निम्मा होऊ शकतो. गावाचे स्वतःचे पर्जन्यमापक हवे, आजूबाजूच्या झाडा-भिंतींपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर, आणि नोंद रोज सकाळी साडेआठला. बंधाऱ्याची क्षमता मंजुरीच्या कागदावरून उचलली जाते, आत साचलेला गाळ कोणी मोजत नाही. पाझर तलावातले पाणी साठा म्हणून एकदा आणि मुरलेले भूजल म्हणून पुन्हा एकदा धरले जाते. पीक पाहणी मागच्या वर्षीची असते, त्यामुळे नवीन डाळिंब किंवा मोसंबी हिशेबात येतच नाही. फळबाग तर पाऊस कमी झाला म्हणून एका वर्षापुरती बंद ठेवता येत नाही. तिचे पाणी आधीच दिलेले देणे समजून पिण्याच्या पाण्यानंतर लगेच वजा केले पाहिजे.

पडताळणीसाठी विहिरी आहेतच. शिवारात चढावर, मधे आणि ओढ्याकाठी अशा आठ-दहा विहिरी निवडाव्यात, कठड्यावर रंगाने कायमची खूण करावी आणि तिथूनच टेपने पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. आदल्या रात्री मोटर बंद हवी, नाहीतर उपशाने खाली गेलेली पातळी नोंदली जाते. मे आणि ऑक्टोबरमधील सरासरी फरक अडीच मीटर असेल, तर बेसॉल्टची साठवणक्षमता २ टक्के धरून १,००० हेक्टरवर ५०० टीसीएम येते. पावसावरून आलेल्या ४५० शी हे जुळते. दोन आकड्यांत दीडपट-दुप्पट तफावत आली, तर नोंदी पुन्हा तपासाव्यात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. गावानेही तेच महिने धरले तर तुलना सोपी होते.

आता वेळेबद्दल. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मॉन्सून पुरता परतलेला नसतो आणि २६ जानेवारीला रब्बी उभी असते, मग ताळेबंद वाचून उपयोग काय? २ ऑक्टोबरला कच्चा अंदाज मांडावा आणि मोजणीनंतर, २० ऑक्टोबरच्या आत, फक्त याच विषयावर विशेष ग्रामसभा घ्यावी. कोरडवाहू ज्वारीची पेरणी तोवर झालेली असते. पण गहू, हरभरा, कांदा आणि नवीन उसाचा निर्णय तेव्हा हातात असतो, आणि पाणी खातात ती मुख्यतः हीच पिके.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर, ऊस आणि केळी गावाच्या संमतीने बंद केली आणि पाण्याच्या हिशेबावर पिके ठरवली. त्यावर ‘तिथे सरपंच म्हणून पोपटराव पवार होते’ असे उत्तर मिळते. ते खरे आहे, आणि म्हणूनच धोरण लागते. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई केली, बोअरच्या गाड्यांची नोंदणीही ठेवली. पण रात्री गाडी गावात येते तेव्हा ती अडवायला जवळ असते ती ग्रामपंचायत, आणि तिच्याकडे अधिकार नाही. गाडीने काम सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीच्या वहीत नोंद करणे सक्तीचे करा. अनुदानाची विहीर, शेततळे आणि शेतीपंपाची नवी वीजजोडणी ग्रामसभेच्या त्या वर्षीच्या ताळेबंदाशी जोडा. तुटीच्या वर्षी नवीन उपसा नाही आणि ठरलेले पीक घेणाऱ्याला ठिबक-तुषारच्या अनुदानात पहिला क्रमांक. खासगी शेतात काय पेरावे याची सक्ती पंचायतीला झेपणार नाही. सरकारी सवलत कोणाला, हे मात्र तिला ठरवता येते.

शेततळ्यांबाबत तर तातडीने नियम हवा. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात सुमारे २,००० घनमीटर मावते. प्लास्टिक अंथरून ते विहिरीच्या पाण्याने भरले, तर नोव्हेंबर ते मे या काळात मीटरभराहून जास्त थर उन्हाने उडून जातो. जमिनीखाली सुरक्षित असलेले, सगळ्यांचे पाणी एकाने उपसून उन्हात ठेवायचे आणि त्यासाठी अनुदान द्यायचे, हा शेजारच्या विहिरीवर उघड अन्याय आहे. अनुदान फक्त पावसाच्या वाहत्या पाण्याने भरणाऱ्या तळ्याला द्यावे.

राहिला वाटपाचा प्रश्न. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीवर नाही, माणसावर वाटले गेले: माणशी अर्धा एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हिस्सा, उसाला पाणी नाही आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येत नाही. आज खासगी विहिरींवर हे सूत्र लावणे कठीण आहे. पण सरकारी पैशाने बांधलेल्या बंधाऱ्यातून आणि तलावातून होणाऱ्या उपशाला ते लागू करायला काय अडचण आहे? तिथे तर काठावर मोटर असलेले पाच-सहा जणच पाणी उचलतात. भूमिहीन कुटुंबाला आपला हिस्सा खंडाने घेतलेल्या शेतावर वापरता यावा किंवा गावातच दुसऱ्याला ग्रामसभेने ठरवलेल्या दराने देता यावा.

ग्रामविकास विभागाने ऑक्टोबरच्या विशेष ग्रामसभेचे परिपत्रक ऑगस्टपूर्वी काढावे, म्हणजे ग्रामसेवकांना विहिरींवर खुणा करून मोजणीची तयारी करायला दोन महिने मिळतील.

आपले,
पाणलोट व भूजल क्षेत्रात काम करणारे काही वाचक,
अहिल्यानगर