त्यांच्या गोष्टीतली मागणी कापू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनानिमित्त तुमच्या पुरवणीत तरुण आदिवासी मुलामुलींवर अख्खं पान होतं. वाचून डोळ्यात पाणी आलं, खरंच आलं, पण दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा जाणवलं की पाच जणांचं दुःख आहे, पाच जणांचे फोटो आहेत आणि हे पाच जण मागतायत काय ते एकाच्याही मजकुरात नाहीये. मला हे लगेच दिसलं कारण हीच चूक मी स्वतः केलीये, म्हणून हे पत्र.

मी व्हिडीओ एडिटिंग करते. मागे एका संस्थेने एका एकोणीस वर्षांच्या मुलीचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, अकरा मिनिटांचं, त्याचं दीड मिनिटाचं रील करायचं होतं. धरणासाठी त्यांची वस्ती उठली त्या दिवसाबद्दल ती बोलत होती. बाकी सगळे भांडीकुंडी, कपडे बांधत होते आणि तिच्या आजीने काय केलं तर घराच्या दाराची चौकट सोडवून घेतली आणि ट्रकमध्ये ती मांडीवर आडवी धरून बसली, नवीन घर कुठे मिळणार, मिळणार की नाही, कशाचाच पत्ता नव्हता. हे सांगताना मुलीचा आवाज अडकतो, ती मान वळवते, चार सेकंद काहीच बोलत नाही. ते चार सेकंद मी ठेवले. त्यानंतर जवळजवळ पाच मिनिटं ती सांगत होती की आमची जमीन कधी कागदावर नव्हतीच त्यामुळे भरपाईच्या यादीत आजीचं नाव नाही, पण कुठलं शेत कोणाचं, बांध कुठे, कोणाच्या आजोबांनी कोणाला दिलं हे म्हाताऱ्या माणसांना नावांसकट तोंडपाठ आहे, ते लिहून घ्या आणि पुरावा म्हणून धरा. ती पाच मिनिटं मी कापली. एवढं कोण ऐकतं, लोक पुढे स्क्रोल करतात असं मला सांगितलं होतं आणि मलाही ते पटलं होतं.

रील भरपूर चाललं. मग तिचा मेसेज आला, "ताई छान झालंय, पण आम्ही काय मागतोय ते कुठेय?" भरपाईवाल्यांनी आजीच्या तोंडाला पानं पुसलीच होती, त्यात आता माझी भर. दोन दिवस मला तिला रिप्लाय करता आला नाही.

आणि ती मागत होती ते काही जगावेगळं नव्हतं, हे मला नंतर वाचताना कळलं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात गिट्क्सान आणि वेट्सुवेटेन ह्या आदिवासी लोकांनी आपल्या जमिनीसाठी खटला लढला, ३७४ दिवस चालला. त्यांच्याकडे सातबारासारखं काही नव्हतं, पिढ्यानपिढ्या सांगत आलेल्या गोष्टी आणि गाणी होती, तोच त्यांचा दस्तऐवज. मेरी जॉन्सन नावाच्या आजी साक्ष देताना एक शोकगीत म्हणणार होत्या तर न्यायाधीश म्हणाले की माझा कान पत्र्याचा आहे, म्हणजे मला गाण्यातलं काही कळत नाही, माझ्यापुढे गाऊन काही उपयोग नाही. आजींनी तरी ते गायलं. १९९१ मध्ये निकाल विरोधात गेला. पण ११ डिसेंबर १९९७ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तोंडी इतिहासाला कागदपत्रांच्या बरोबरीने जागा द्यावी लागेल. जमीन लगेच हातात आली नाही, कोर्टाने खटला नव्याने चालवायला सांगितलं, तरी गोष्ट हा पुरावा असू शकतो हे मान्य झालं. संयुक्त राष्ट्रांचा १३ सप्टेंबर २००७ चा आदिवासी हक्कांचा जाहीरनामा आहे, १४४ देशांनी बाजूने मत दिलेलं, भारतानेसुद्धा, त्याच्या कलम १३ मध्ये तोंडी परंपरा पुढच्या पिढीला देण्याचा हक्क तर आहेच पण कोर्टकचेरीत आणि सरकारी कामात ह्या लोकांचं म्हणणं समजून घेतलं जाईल अशी व्यवस्था करायची जबाबदारी सरकारांवर टाकलीये. रेकॉर्डिंगमधली ती एकोणीस वर्षांची मुलगी नेमकं हेच म्हणत होती. आणि मी ते कापलं.

जगभरात जी तरुण मुलं असं बोलतायत त्यांचं नीट ऐकलं तर गोष्ट आणि मागणी कधी वेगळी नसते. ऑटम पेल्टियर ही कॅनडातल्या अनिशिनाबे ह्या आदिवासी समाजातली मुलगी लहान असताना दुसऱ्या एका आदिवासी वस्तीत गेली तर तिथे पाणी पिऊ नका अशा पाट्या, ती तिथूनच पाण्यासाठी बोलायला लागली. २०१६ मध्ये बाराव्या वर्षी तिने पंतप्रधान ट्रुडोंना समोरासमोर सांगितलं की तुमच्या निर्णयांवर मी नाराज आहे, आणि रडत रडतच तेलाच्या पाइपलाइनचा विषय काढला. तिचं रडणं सगळ्यांना आठवतं, पाइपलाइन किती जणांना आठवते? ब्राझीलची आदिवासी तरुणी चाय सुरुई २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत बोलली, जंगल वाचवताना मारल्या गेलेल्या तिच्या लहानपणीच्या मित्राबद्दल, आणि त्याच छोट्या भाषणात तिने सांगितलं की इथले निर्णय होताना आदिवासी मधोमध असले पाहिजेत. त्यानंतर तिला ऑनलाइन काय काय ऐकावं लागलं! गोष्ट सांगणाऱ्या मुलाला त्याची किंमत मोजावी लागते, आपण लाइक करून पुढे जातो, त्याला मात्र त्याच वस्तीत राहायचं असतं.

अजून एक गोष्ट मला फार टोचते. चौकटीची आठवण त्या मुलीची होती तशी आजीचीही होती आणि आजीला कोणी विचारलं होतं का, की हे सगळ्यांना दाखवू का म्हणून? मी तरी नव्हतं विचारलं. आणि एकाच मुलीला प्रत्येक कार्यक्रमात तीच जखम परत उघडून दाखवायला लावायची, हेही बरोबर नाही, तिला अभ्यास असतो, तिला कधीकधी नुसतं गप्प बसायचं असतं.

तर संपादक साहेब, पुढच्या वेळी पान कराल तेव्हा प्लीज छापण्याआधी मजकूर त्या मुलांना वाचून दाखवा, समाजाचं नाव ते स्वतः जे सांगतात तेच लिहा, घरातल्या मोठ्यांचं चालेल ना हे विचारा, आणि जागा कमी पडली तर फोटो लहान करा पण मागणी ठेवा. शक्य असेल तर सहा महिन्यांनी परत फोन करून त्या मागणीचं काय झालं तेही छापा, कारण तुमचा पेपर सरकारी ऑफिसात जातो, माझं रील जात नाही.

मी तो व्हिडीओ परत एडिट केला, ह्या वेळी त्या मुलीला शेजारी बसवून. साडेसहा मिनिटांचा झाला. पहिल्याच्या मानाने फार कमी लोकांनी बघितला, पण आता ती जिथे अर्ज द्यायला जाते तिथे तो मोबाईलवर लावून दाखवते. चौकटीची गोष्ट त्यात आहे, आजीला विचारून ठेवलीये. मधले ते चार सेकंद तिने काढायला सांगितले.

आपली,
एक वाचक