नळीच्या दुष्परिणामांना एकच ओळ?

महोदय,

कालच्या अंकातील आरोग्य पानावर, गिळता न येणाऱ्या मुलांना घरी नळीने अन्न देण्याविषयीचा लेख वाचला. विषय घेतल्याबद्दल आभार. परंतु थोड्या सरावाने कोणत्याही आईला हे जमते असे सांगून दुष्परिणामांची बोळवण एका ओळीत केलेली पाहून वाईट वाटले आणि रागही आला.

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर ताबा न राहणे) आहे. आधी तिला नाकातून जठरात जाणारी नळी, म्हणजे राइल्स ट्यूब होती, पुढे पोटाला छिद्र पाडून नळी बसवली. या नळीमुळेच तिच्या अंगावर मांस धरले, हे मी कृतज्ञतेने सांगते. पण सिरिंजचा दट्ट्या दाबून दूध भराभर ढकलले की मूल ओकते आणि ती ओकारी श्वासनलिकेत उतरली की न्यूमोनिया होतो. म्हणून सिरिंज उंच धरून अन्न आपोआप उतरू द्यावे लागते, डोके आणि छाती किमान ३० अंश वर ठेवावी लागते आणि नंतरही अर्धा-पाऊण तास मुलाला आडवे करता येत नाही. छिद्राभोवती लाल, ओलसर मांस वाढते, कपडा लागला तरी त्यातून रक्त येते. झटक्यांची गोळी नीट कुटली नाही तर नळी तुंबते. तोंडाने काही खात नसले तरी मुलाचे दात आणि जीभ रोज पुसावी लागते, कारण तोंडातली घाण लाळेबरोबर छातीत जाते. यातले काहीही लेखात नाही.

उलट, नाकातली नळी जठरात आहे की नाही हे पाहण्यासाठी हवा सोडून पोटावर आवाज ऐकावा, असा सल्ला दिला आहे. ही पद्धत भरवशाची नाही, कारण नळी फुप्फुसात गेली असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. नळीतून ओढलेला रस पीएच पट्टीवर (आम्लता दाखवणाऱ्या कागदावर) तपासावा, आकडा ५.५ किंवा त्याखाली असेल तरच अन्न द्यावे आणि शंका आली तर एक्स-रे काढून घ्यावा, असे आम्हाला नंतर एका परिचारिकेने शिकवले.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री पोटातली नळी आत धरून ठेवणारा फुगा फुटून नळी बाहेर आली. खानापूर तालुक्यातले आमचे गाव, बाहेर मुसळधार पाऊस, गाडी मिळेना. सकाळी बेळगावला पोहोचेपर्यंत छिद्र इतके आकसले होते की नळी पुन्हा बसवायला तिला भूल द्यावी लागली. छिद्र जुने आणि पक्के असेल तर ते मिटू नये म्हणून त्यात लगेच फोलीज कॅथेटर (एरवी लघवीसाठी घालतात ती नळी) सरकवून ठेवायचा असतो आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय त्यातून अन्न द्यायचे नसते, हे तेव्हा प्रथमच कळले. आम्हाला घरी सोडताना रुग्णालयाने दिलेल्या कागदावर ही सूचना छापलेली होती, पण तो कागद कन्नड आणि इंग्रजीत होता आणि आम्हा नवरा-बायकोचे शिक्षण मराठी शाळेत झालेले. शेजारच्या मुलाने तो वाचून दाखवला तेव्हा माझ्या हातापायातले बळच गेले. जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के लोक जी भाषा बोलतात, त्या भाषेत महत्त्वाचे नियम आणि सूचना द्याव्यात, असे केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरवून दिलेले आहे. मग मुलाच्या जिवाशी संबंधित कागदालाच मराठी का मिळू नये?

हवा सोडून आवाज ऐकण्याच्या त्या सल्ल्याची दुरुस्ती कृपया येत्या अंकात, त्याच पानावर आणि ठळक अक्षरांत छापावी. आपला अंक आमच्या भागातल्या घराघरांत वाचला जातो आणि तो लेख कापून ठेवलेल्या आया असतील.

कळावे,
एक आई, खानापूर तालुका