काकू, ते खापर अजून माझ्याकडेच आहे

ती. काकूंस,
शि. सा. न.

हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय, कारण तुमच्यापुढे आभाराचा शब्द काढला की तुम्ही "पुरे की गं" म्हणत उठून आत जाता.

वडगावातले आमचे दोन माग बंद पडले तेव्हा घर कशावर चालवायचं, हे मला सुचत नव्हतं. बेळगावात लग्नाच्या पंगतीला मांडे लागतात, करणाऱ्या बायका थोड्या, हे दिसत होतं. पण वर्षभर मी मनातच मांडे भाजत राहिले. एक दिवस तुम्ही विचारलंत, "नुसतं बघत बसणार व्हय?" आणि शहापूरच्या तुमच्या परसात चुलीपुढं उभं केलंत.

पीठ तिंबणं, लाटीत पिठीसाखर, तूप, वेलची भरणं, सगळं जमलं. अडायचं ते हातावर. हलकी लाटलेली पोळी या हातावरून त्या हातावर फिरवत कोपरापर्यंत वाढवत न्यायची. समोर चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर तापलेलं, चेहऱ्याला झळ, आणि हातावर मलमलीसारखं पातळ पीठ, त्यातून माझ्या बांगड्या दिसायच्या. नेमकी तिथं मी थांबायची. थांबलं की पीठ एका जागी लोंबायचं आणि फाटायचं. सात फाटले. आठव्याला मी रडायला लागले, हात थरथरतात म्हणाले. तुम्ही म्हणालात, "थरथरूदे की. तसंच फिरव. थांबलीस म्हणून फाटालंय, भ्यालीस म्हणून न्हवं."

आठवा फाटला नाही. एका बाजूला जाड झाला, पण खापरावर अख्खा पडला.

मग टिळकवाडीतल्या लग्नाची दीडशे मांड्यांची ऑर्डर तुम्ही मला न विचारता घेतलीत. तेव्हा मला तुमचा फार राग आला होता, हे आज सांगते. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे चारला दार वाजलं तर तुम्ही, कापडात गुंडाळलेलं तुमचं खापर पोटाशी धरून. माझं खापर नवं होतं, "नव्याचा भरवसा नको" म्हणालात. पाट ओढून बसलात आणि दीडशेपैकी एकाही मांड्याला हात लावला नाहीत. फक्त "लाकूड मागं ओढ" आणि "घडी घाल, घडी घाल", कारण गरम आहे तोवरच मांडा दुमडतो, क्षणभर उशीर झाला तर कडक होऊन मोडतो. बारा मोडले. ते तुम्ही बाजूला ठेवलेत आणि दुपारी गल्लीतल्या पोरांना दुधात कुस्करून दिलेत.

आजी मुक्ताईची गोष्ट सांगायची. मांडे करायला तिला कुंभाराकडं खापर मिळू दिलं नाही, तेव्हा ज्ञानेश्वरांनी आपली पाठ पुढं केली. लहानपणी मला त्यातला चमत्कार आवडायचा. आता वाटतं, गोष्ट त्या पाठीची आहे. बहिणीचं काम अडू नये म्हणून कुणीतरी वाकलं.

परवा फोन आला, "मंडिगे बेकु री", मांडे हवेत म्हणून. पूर्वी कानडी फोन मी मुलाच्या हातात द्यायची. या वेळी मोडक्यातोडक्या कानडीत भाव, तारीख, पत्ता सगळं मीच बोलले. फोन ठेवल्यावर हात गार पडले होते, पण ऑर्डर वहीत लिहिलेली होती.

खापर परत द्यायला मी दोनदा आले, दोनदा तुम्ही ते पुन्हा माझ्या पिशवीत ठेवलंत. आता विचारत नाही. तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होईल. पहिल्या पहाटे चुलीपाशी येऊन बसा. अजून भीती वाटते, काकू. पहिला मांडा तुमचा, कोमट दुधाची वाटी मी तयार ठेवते.

तुमची,
वडगावची मांडेवाली