‘कुठल्या पानावर थांबलात?’ : आमच्या ग्रंथपाल ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

वाचनालयात समोर आलात की मी तुम्हाला मॅडम म्हणते, पण लिहिताना ताईच येतंय, तर तेच राहू दे. १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची जयंती असते आणि तो दिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात, हे मला तुमच्याच फलकावरून कळलं. त्या दिवशी कार्यकारी मंडळानं तुम्हाला शाल आणि श्रीफळ दिलं, दोन भाषणं झाली. वाचनसंस्कृती हा शब्द पुष्कळदा आला. पण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी तुम्ही जे करता, त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. मला बोलायचं होतं, धीर झाला नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

तीन वर्षांपूर्वी मी वाचनालयात आले ती सभासदत्व बंद करायला. आण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन महिना झाला होता. त्यांच्या उशाशी दोन पुस्तकं राहिली होती. ती जमा करायची आणि अनामत परत घ्यायची, एवढंच काम होतं. तुम्ही पुस्तकं घेतलीत, दंडाचा विषयही काढला नाहीत. कार्ड हातात धरून थोडा वेळ तशाच थांबलात आणि म्हणालात, “आण्णा रोज यायचे. कार्ड तुमच्या नावावर करून देऊ का?” मी म्हटलं, दहावीनंतर पुस्तक हातात धरलेलं नाही, दिवसभर ब्लाउज शिवत असते, मला वेळ कुठला. तुम्ही आग्रह केला नाहीत. “दुसऱ्या शनिवारी साडेपाचला आम्ही काही जण पुस्तकावर बोलायला बसतो. वाचून आलं नाही तरी चालतं,” एवढंच सांगितलंत.

वाचून आलं नाही तरी चालतं, या एका वाक्यावर मी आले.

पेपर वाचायच्या हॉलमधली बाकं भिंतीला लावून खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. त्या दिवशी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रावर चर्चा होती. माझ्या हातात तुम्ही आठ दिवस आधी पहिल्या काही प्रकरणांच्या झेरॉक्स दिल्या होत्या, कारण वाचनालयात प्रती दोनच आणि माणसं अकरा. झेरॉक्स काढलेली चालते का, असं एका काकांनी विचारलं, तेव्हा तुम्ही सांगितलंत की लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या, म्हणजे या मूळ पुस्तकाला आता ती अडचण नाही. हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकाची एकही झेरॉक्स तुम्ही काढू देत नाही, हे मी नंतर पाहिलं. तेव्हा तुम्ही दुसऱ्या वाचनालयांतून, सभासदांच्या घरांतून प्रती गोळा करता, आणि कुणाची कुठली प्रत आहे याची वेगळी वही ठेवता.

मला वाटलं होतं, पुस्तक कसं वाटलं ते विचारतील. शाळेत तसंच विचारायचे आणि मला उत्तर यायचं नाही. तुम्ही विचारलंत, “कुठल्या पानावर थांबलात?”

त्याला उत्तर होतं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाची ती सुरुवातीची पानं आहेत ना, तिथे मी थांबले होते. का थांबलात, असं तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, माझी आत्ती बाजारातून आलेली नाणीसुद्धा धुऊन घ्यायची. आम्ही पोरं तिच्या दारात उभी राहून ओल्या हातांनी खाऊ घ्यायचो. कपडे भिजवून आलो तरच आत घ्यायची. तिच्याबद्दल मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी हसलं नाही. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारलं, “मग तिचं पुढं काय झालं?” आणि मी बोलत राहिले.

ताई, तुमचा तो प्रश्न इतका साधा वाटतो की त्यातली हुशारी पटकन दिसत नाही. कमी शिकलेल्याला तो आधार देतो आणि जास्त बोलणाऱ्याला जागेवर आणतो. एक गृहस्थ दर वेळी पुस्तक सोडून साहित्याच्या इतिहासावर बोलत राहायचे. तुम्ही त्यांना कधी तोडलं नाहीत. त्यांनी श्वास घेतला की हळूच म्हणायचात, “सर, तुमचं पान?” आता ते स्वतःच पानाचा कोपरा दाखवत सुरुवात करतात. त्यांचं बोलणं मला आता खरंच आवडतं.

त्या पुस्तकाच्या दुसऱ्या बैठकीत वादच झाला. लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी. एसटीतले निवृत्त कंडक्टर काका चिडले होते, बायकोला न विचारता एवढं मोठं पाऊल उचलायचं म्हणजे काय. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, “विचारून केलं असतं तर झालंच नसतं.” दोन्ही बाजूंनी आवाज चढले. तुम्ही मध्ये पडला नाहीत, फक्त ती पानं पुन्हा मोठ्यानं वाचायला सांगितलीत. वाचता वाचता आमच्या लक्षात आलं की मधली पाच वर्षं आम्ही कुणी विचारातच घेतली नव्हती. ज्या बाईला लिहायवाचायला लग्नानंतर यायला लागलं, तिनं त्या काळात स्वतःचं मन स्वतःच्या गतीनं बदललं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

प्रती एवढ्या कमी का, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही सांगितलंत की देशातला पहिला ग्रंथालय कायदा आपल्या कोल्हापूर संस्थानात झाला, १९४५ साली. ऐकून अभिमान वाटला. मग म्हणालात, महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, त्यात तमिळनाडूसारखा वेगळा ग्रंथालय कर नाही. त्यामुळे आपल्यासारखी वाचनालयं सरकारी अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर चालतात. अनुदानातला अर्धा भाग पगारावर जातो. त्या पगारात तुमचाही पगार आला, आणि तो किती असतो हे मला आता माहीत आहे. शनिवारचे ते दोन तास त्यात धरलेले नाहीत. चहासुद्धा तुम्ही घरून थर्मासमधून आणता.

दिवाळीनंतरच्या बैठका मला सगळ्यांत आवडतात. दिवाळी अंक योजनेत अंक घरोघरी फिरत असतात, त्यामुळे प्रतींची ओढाताण नसते. एकेक कथा घेऊन आम्ही बसतो आणि आठ वाजले तरी कुणी उठत नाही.

आता घरचं सांगते. सासूबाईंना मोतीबिंदूनंतर बारीक अक्षर दिसत नाही. रात्री मशीन बंद केलं की मी त्यांना दहा पानं वाचून दाखवते. आण्णा पन्नास वर्षं वाचत होते, पण मनातल्या मनात. त्यांनी काय वाचलं ते सासूबाईंना कधी कळलंच नाही. आता त्या जेवतानाच विचारतात, “कुठल्या पानावर थांबलो होतो गं?”

गेल्या जुलैत माझ्याकडून वाचनालयाची प्रत भिजली, ते तुम्हाला आठवत असेल. पाऊस तिरका होता, प्लास्टिकची पिशवी फाटलेली. मी रडवेली होऊन आले होते. तुम्ही काही बोलला नाहीत. प्रत टेबलावर ठेवलीत, जुन्या पेपरचे तुकडे केलेत आणि दर दहा पानांमध्ये एकेक सरकवत बसलात. मलाही अर्धं पुस्तक दिलंत. आपण दोघी तासभर तेच करत होतो. मग त्यावर टपाल नोंदवह्यांचा गठ्ठा ठेवून दिलात. ते पुस्तक आजही कपाटात आहे, कडा थोड्या फुगलेल्या, पण वाचता येतं.

ताई, तुमचे मनापासून आभार. कार्ड माझ्या नावावर केल्याबद्दल, आणि त्या प्रश्नाबद्दल.

मी पुस्तकाच्या मापाच्या बारा पिशव्या शिवल्या आहेत. बाहेरून जाड कापड, आतून छत्रीच्या कापडाचं अस्तर, वर बंद. चर्चेच्या प्रती आता त्यातूनच द्या. शनिवारी पाचलाच घेऊन येते, खुर्च्या मांडायलाही हात लागेल.

तुमची,
वाचनालयाची एक सभासद